भिंतीत चिणलेली सून

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत सर्बियात व्हूक कराजिच नावाचा एक लंगडा गृहस्थ लोकांच्या तोंडची गाणी उतरून घेत होता. तो शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, बहुतेक स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. विद्वान मंडळी त्या काळी गावंढळांच्या भाषेला भाषा मानीत नसत. त्याच भाषेचा कोश त्याने 1818 साली छापून दाखवला. त्याला गाणी सांगणाऱ्यांत म्हातारा राश्को म्हणून ओळखला जाणारा एक गायक होता. या राश्कोने सांगितलेल्या गाण्यांपैकी एकाचे नाव 'स्कादरची बांधणी'. आज मला बोलायचे आहे ते या एका गाण्याबद्दल, आणि आपल्या काळातल्या कथालेखकांनी त्याचे जे काय केले त्याबद्दल.

गाणे असे आहे. वुकाशिन, उग्ल्येशा आणि गोय्को हे तिघे भाऊ बोयाना नदीवर स्कादरचा किल्ला बांधीत आहेत. तीनशे गवंडी कामावर आहेत. रादे हा त्यांचा मुख्य कारागीर. तीन वर्षे काम चालले, पण पायाच धरेना. दिवसा गवंड्यांनी रचावे आणि रात्री वनदेवीने पाडावे, असा खेळ. अखेर देवी सांगते, स्तोया आणि स्तोयान अशा नावांची सख्खी बहीणभावंडे आणून पायात चिणा. राजाचा माणूस तीन वर्षे गावे पालथी घालतो, पण अशी जोडी मिळत नाही. मग देवी दुसरा मार्ग सांगते. तुम्हा तिघांच्या तीन बायका आहेत; उद्या गवंड्यांची न्याहरी घेऊन जी येईल तिला चिणा.

तिघे भाऊ शपथ घेतात की घरी कोणी काही बोलायचे नाही, जिच्या कपाळी असेल ती येईल. रात्री थोरला बायकोला सांगून टाकतो. मधलाही सांगतो. धाकटा गोय्को तेवढा शब्द पाळतो. सकाळी एका जावेचे डोके दुखते, दुसरीचा हात दुखतो. धाकटी म्हणते, मी गेले असते, पण मुलाला आंघोळ घालायची आहे आणि धुणे पडले आहे. त्यावर थोरल्या जावा तिची सोय लावून देतात. धुणे एकजण धुवील, मुलाला दुसरी न्हाऊ घालील, तू हो पुढे.

ती येताना दिसते तेव्हा गोय्कोच्या डोळ्यांना पाणी येते. ती कारण विचारते. तो सांगतो, माझ्याजवळ सोन्याचे सफरचंद होते, ते नदीत पडले. तीच उलट त्याची समजूत घालते, की देवाने आरोग्य दिले तर याहून चांगले घडवून घ्याल. गवंडी तिच्याभोवती लाकडे आणि धोंडे रचू लागतात. तिला थट्टा वाटते, ती हसते. भिंत गुडघ्यापर्यंत येते तरी ती हसतेच आहे. कमरेपर्यंत आल्यावर मात्र तिला कळते. मग ती दिरांच्या विनवण्या करते, नवऱ्याच्या करते. कोणी तिच्याकडे पाहत नाही. शेवटी ती रादे गवंड्याला देवाचा भाऊ म्हणते आणि एवढेच मागते की छातीपाशी एक खिडकी ठेव, म्हणजे मुलाला पाजता येईल, आणि डोळ्यांपाशी एक ठेव, म्हणजे त्याला आणताना आणि नेताना पाहता येईल. रादे तेवढे ऐकतो. वर्षभर मूल तिथे दूध पिते. गाणे म्हणते की तिथून अजूनही दूध झरते आणि पान्हा नसलेल्या बाया तिथे येतात.

या गाण्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात आणि त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एक म्हणजे, संपूर्ण प्रकरणात दया दाखवणारा एकच माणूस आहे, आणि तो पगारी कारागीर आहे. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. नवऱ्याच्या विनवण्या करताना ती म्हणते, माझ्या आईकडे निरोप पाठवा, तिच्याजवळ पैसा आहे, ती एखादा गुलाम किंवा बटीक विकत घेऊन देईल, माझ्याऐवजी तिला चिणा. कमरेपर्यंत भिंतीत गेलेल्या बाईलाही आपल्या जागी दुसऱ्या कोणाचे तरी शरीर सुचते, आणि ते पैसे टाकून मिळते हे तिला ठाऊक असते. हे रचणाऱ्या माणसाने काहीही गोड करून ठेवलेले नाही. पुढच्या मोठमोठ्या लेखकांना हा प्रामाणिकपणा पेलला की नाही, हाच माझा प्रश्न आहे.

व्हूकने हे गाणे जर्मनीतल्या याकोब ग्रिमकडे पाठवले. ग्रिम हरखून गेला, त्याने ते जर्मनमध्ये उतरवले आणि जगातल्या सर्वांत हृदयस्पर्शी काव्यांत त्याची गणना केली. ग्योटेला मात्र ते सोसले नाही. त्याला त्यात रानटीपणा आणि अंधश्रद्धा दिसली. दोघेही आपापल्या परीने खरे होते, असे मला वाटते. इतिहासाच्या कसोटीला हे गाणे उतरत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. स्कादर म्हणजे आजच्या आल्बेनियातले श्कोदर. तिथल्या किल्ल्याची मुळे ख्रिस्तपूर्व काळातली आहेत. वुकाशिन आणि उग्ल्येशा हे खरे पुरुष, पण ते चौदाव्या शतकातले; 1371 साली मारित्सा नदीवरच्या लढाईत दोघेही तुर्कांकडून मारले गेले. किल्ल्याच्या दरवाजापाशी पांढरट पाणी झिरपते ते चुन्याचे. आल्बेनियन लोक या बाईला रोझाफा म्हणतात. त्यांच्या गोष्टीत ती उजवा स्तन, उजवा डोळा, उजवा हात आणि उजवा पाय मोकळा ठेवायला सांगते. पाजायला, पाहायला, कुरवाळायला आणि पाळण्याला झोका द्यायला. घरकामाची इतकी काटेकोर वाटणी मी दुसऱ्या कुठल्या काव्यात पाहिलेली नाही.

हीच कथा बाल्कन देशांत सर्वत्र आहे. ग्रीसमध्ये ती आर्टाच्या पुलाची होते. तिथे पंचेचाळीस कारागीर आणि साठ उमेदवार राबतात, एक पक्षी बळी मागतो, आणि मुख्य कारागिराची बायको जाते. रुमानियात ती आर्जेशच्या मठाची होते. मानोले आणि त्याचे नऊ साथीदार मठ बांधतात, मानोलेची बायको आना भिंतीत जाते. वसिले आलेक्सांद्री याने ते गाणे 1852 च्या आपल्या संग्रहात छापले. त्याचा शेवट पाहण्याजोगा आहे. राजा विचारतो, याहून सुंदर मठ तुम्ही बांधू शकाल का? कारागीर अभिमानाने म्हणतात, हो. त्याबरोबर राजा परांची काढून घेण्याचा हुकूम देतो, म्हणजे हे छपरावरच अडकून मरतील आणि दुसऱ्या कोणासाठी बांधणार नाहीत. ते फळ्यांचे पंख करून उड्या घेतात आणि मरतात. हंगेरीत केलेमेन गवंड्याच्या बायकोचे गाणे आहे, देव्हाच्या किल्ल्याचे. त्यात बारा गवंड्यांचा करार पहिल्यापासून सांगितलेला आहे. अर्धे माप चांदी आणि अर्धे माप सोने, ही मजुरी. काम टिकले नाही तर मजुरी नाही. म्हणून तिथे बळी देवी मागत नाही. गवंडी आपसात ठरवतात. मला हे गाणे सगळ्यांत भीषण वाटते, कारण त्यात देवाचा आडपडदाच नाही.

आपल्याकडे हे नाही असे कोणी समजू नये. श्रावणात आपल्या आयाबहिणी शिळासप्तमीची कहाणी ऐकत आल्या. राजाच्या तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा मागतात. सून कबूल होणार नाही म्हणून सासरा तिला माहेरी धाडतो आणि मागे मुलाचा बळी देतो. तळे भरते. आपली कहाणी मात्र तिथे थांबत नाही. ती सून सप्तमीला तळ्यावर येते, व्रत करते आणि तिचे मूल तिला परत मिळते. शेजारी कर्नाटकात भागीरथीचे गाणे आहे. तिथे धाकटी सून तळ्याला जाते आणि तिचा नवरा लष्करातून परतल्यावर त्याच तळ्यात उडी टाकतो. सगळीकडे सून, आणि बहुतेक धाकटीच. जिला घरात येऊन थोडे दिवस झाले, जिच्या बाजूने बोलायला घरात कोणी नाही, तिच्यावर देवाची नजर कशी नेमकी जाते, हे कोडे सोडवायला मोठे पांडित्य लागत नाही.

पंडितांनी या कथांचे अर्थ पुष्कळ लावले आहेत. मिर्चा एलियाद याने 1943 साली मानोलेच्या कथेवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की कोणतीही वास्तू टिकायची तर तिच्यात प्राण घालावा लागतो, ही आदिम श्रद्धा. अॅलन डंडीस याने 1996 साली या एका कथेवरचे निबंध एकत्र छापले. मी ते आदराने वाचले आहेत. पण बांधकामाच्या ठिकाणी माणसे मरतात, ही साधी गोष्ट या थोर मंडळींना फारशी महत्त्वाची वाटलेली दिसत नाही. पूल बांधताना, बोगदा खणताना, धरण घालताना पूर्वी माणसे मरत आणि आजही मरतात. आपल्या भोरघाटाचेच पाहा. रेल्वेचे ते काम 1856 ते 1863 असे चालले. 1861 च्या सुमारास तिथे बेचाळीस हजार माणसे राबत होती. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी मिळून सुमारे पंचवीस हजार माणसे खाल्ली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मजुरी थकली म्हणून 1859 च्या आरंभी तिथे मजुरांचा दंगाही झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या विधवेने, अॅलिसने, ठेका पुरा करून दाखवला. तिचे नाव इतिहासात आहे आणि ते असणे योग्यच आहे. उरलेल्या पंचवीस हजारांत बाया किती होत्या, हे कोण सांगणार? साहेबाने पुलाच्या पायात मुले पुरली, अशा अफवा त्या काळात हिंदुस्थानात ठिकठिकाणी उठत. आमच्या लहानपणीही पुलाचे काम निघाले की आया मुलांना बाहेर सोडायला भीत. त्या अफवा खोट्या होत्या. पण पूल माणसे खातो, हे त्यांतले गाभ्याचे म्हणणे खोटे कसे म्हणावे?

हे ज्याला नीट उमगले असा कथालेखक म्हणजे इव्हो आंद्रिच. बोस्नियातल्या विशेग्रादजवळ त्याचे बालपण गेले. तिथे द्रिना नदीवर मेहमेद पाशा सोकोलोविचने 1571 ते 1577 या काळात बांधवलेला अकरा कमानींचा पूल आहे. त्या पुलावरची त्याची कादंबरी 1945 साली आली, आणि 1961 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीच्या सुरुवातीला तो गावातल्या मुलांना ठाऊक असलेल्या कथा सांगतो. पुलात स्तोया आणि ओस्तोया ही जुळी चिणलेली आहेत, आई त्यांना भिंतीतून पाजते, आणि दगडावरचे पांढरे ओघळ बाया खरवडून नेतात. एका खांबात काळा हबशी राहतो आणि जो त्याला पाहील तो मरतो. मग तो बांधकामाचीच हकीकत सांगायला बसतो. बळी कोणी दिलेला नाही. गावात एक भोळसट मुलगी होती. तिला मेलेली जुळी झाली. ती पुरली गेल्यावर ती वेडी बांधकामावर येऊन, माझी मुले कुठे, म्हणून मजुरांना विचारीत हिंडे. हबशी म्हणजे मुख्य कारागिराचा तरुण मदतनीस. प्रचंड दगड बसवताना दोर सुटला आणि तो कमरेपासून खाली दगडाखाली चिरडला गेला. देवीही नाही, पक्षीही नाही, एक दोर. वेठीला धरलेल्या गावकऱ्यांची, मुकादमाच्या काठीची आणि काम रात्री मोडून ठेवणाऱ्या रादिसाव शेतकऱ्याला सुळावर चढवल्याची हकीकत तो इतक्या शांतपणे सांगतो की वाचताना हात थांबतात. रात्री काम पाडणारी देवी कोण असते, याचे उत्तरही त्यात येऊन जाते.

आंद्रिचची एक लहान कथा याच्या फार आधीची, 1925 ची आहे. 'झेपा नदीवरचा पूल' हे तिचे नाव. तिच्यात बळी अजिबात नाही. एक परका कारागीर येतो, खोपटात एकटा राहतो, पुराने एकदा काम मोडते, तरी तो पूल पुरा करतो आणि परतीच्या वाटेवर पटकीने की प्लेगने, अशा साथीने मरतो. पुलावर कोरण्यासाठी वजिराकडे स्तुतीचे श्लोक येतात. वजीर आधी श्लोक खोडतो, मग स्वतःची मुद्राही खोडतो. पूल बिननावाचा राहतो. जुन्या गाण्याचे हे जणू उलटे टोक आहे. मालकाला नाव कोरण्याचीच भीती वाटते, असा मालक मी साहित्यात पाहिला. इतरत्र अजून पाहायचा आहे.

आता मार्गरित युर्सनार. ही बाई 1903 साली ब्रसेल्समध्ये जन्मलेली, फ्रेंचमध्ये लिहिणारी. तिच्या 1938 च्या कथासंग्रहात 'मृत्यूचे दूध' नावाची कथा आहे, ती सरळ स्कादरच्या गाण्यावरून घेतलेली. रागुसा बंदरात उन्हात बसून दोन परदेशी इंजिनियर मद्य घेत आहेत आणि त्यांतला फ्रेंच माणूस दुसऱ्याला ही गोष्ट सांगतो. दूध आणि डोळे यांचे तिने केलेले वर्णन इतके देखणे आहे की कथा एका बैठकीत वाचून होते. तिची भाषा थोर आहे, यात वाद नाही. पण तिने तीनशे गवंडी काढून टाकले! तिच्या कथेत तिघे भाऊ स्वतःच बुरूज बांधतात. का, तर मजूर मिळत नसतील किंवा महाग पडत असतील, अशा अर्थाचे एक वाक्य ती जाता जाता टाकते. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ हसलो. मजूर महाग म्हणून मालकांनी स्वतः धोंडे उचलल्याची हकीकत आमच्या क्षेत्रात दुर्मिळ आहे.

विनोद सोडून देतो. गवंडी गेले की रादे गेला, आणि रादे गेला की गाण्यातली ती एकमेव दया कुठून आली हे दिसेनासे होते. राहते ते आईचे प्रेम. आईचे प्रेम खरे असते, परंतु ते पुढे केले की भिंत कोणी रचली हे विचारायची गरज उरत नाही. हे युर्सनारला जाणवले असावे. कारण कथेच्या शेवटी ती एकदम थंड पाण्याचा हबका मारते. त्या टेबलाशी एक भिकारीण येते. तिच्या कडेवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेले मूल आहे. भीक जास्त मिळावी म्हणून ती औषधे लावून मुलाचे डोळे घालवीत आहे. आई आणि आई यांत फरक असतो, असा शेरा मारून कथा संपते. शेवट धारदार आहे आणि वाचकाला तो विसरता येत नाही. माझी तक्रार एवढीच की हा न्याय पुन्हा दोन बायांतच झाला. एक देवता ठरली, दुसरी राक्षसीण ठरली. आणि आगबोटीची वाट पाहत बसलेल्या त्या दोघा गृहस्थांना कोणी काही विचारले नाही.

विचारले ते आल्बेनियाच्या इस्माईल कादारेने. 'तीन कमानींचा पूल' ही त्याची लहानशी कादंबरी 1978 ची. तो 2024 साली वारला. काळ 1377 चा, तुर्क आल्बेनियाच्या दारात आलेले. सांगणारा ग्योन नावाचा पाद्री. नदीवर नावा चालवणारी एक पेढी आहे, आणि पूल बांधायला आलेली दुसरी. पूल झाला तर नावा बुडाल्या, म्हणून रात्री कोणीतरी काम मोडू लागते. लोक म्हणतात, जलदेवतांना पूल नको आहे. मग एक शहाणा माणूस पाद्रीकडे येतो आणि मोठ्या आस्थेने भिंतीत चिणलेल्या सुनेचे जुने गाणे विचारून घेतो. लोकसाहित्याचा हा अभ्यासक पूलवाल्यांचा माणूस आहे. थोड्याच दिवसांत भाटांच्या तोंडी त्या गाण्याची नवी आवृत्ती ऐकू येऊ लागते, आणि जो स्वखुशीने बळी जाईल त्याच्या घरच्यांना भरपाई मिळेल, असे जाहीर होते. एके सकाळी मुर्राश झेनेबिशा नावाचा साधा गवंडी खांबात चिणलेला सापडतो. चुन्याने माखलेला त्याचा चेहरा तेवढा दिसतो. तो पैशासाठी राजी झाला, की काम मोडताना सापडला आणि मारला गेला? गाव दोन्ही बोलते. घरच्यांत भरपाईवरून तंटे लागतात. पाद्री मात्र जाणून असतो की हा खून आहे, आणि गाणे त्याला पांघरूण म्हणून आणले आहे.

या पुस्तकातली भरपाईची पाने मी दोनदा वाचली. बांधकाम मजुरांच्या संघटनेत काम करताना अशा वाटाघाटींना बसण्याचे प्रसंग माझ्यावर पुष्कळ आले. एका ठिकाणी स्लॅब कोसळून माणूस गेला. प्रेत इस्पितळातून मिळायच्या आधी ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन मेलेल्याच्या भावाशी बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात दैव, पूर्वजन्म, जागेची बाधा हे सगळे होते. सुटलेल्या टेकूचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नारळ फुटले आणि कोंबडेही कापले गेले. 1996 साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तोवर तर अशा मरणाची धड नोंदही होत नसे. कादारेने कल्पनेने जे लिहिले ते वाचताना म्हणून मला परका देश वाटला नाही.

आणि प्रत्यक्ष इतिहासही कधी कधी कादंबरीच्या पुढे जातो. जपानात उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर जोमोन नावाचा रेल्वेचा बोगदा आहे. तो 1914 साली पुरा झाला. कामाला आणलेले मजूर कोंडून ठेवलेले, बांधील होते, आणि त्यांतले शंभराहून अधिक मेले. जपानी लोककथांतही पुलाच्या आणि किल्ल्याच्या पायात घातलेला 'मानवी खांब' आहे. या बोगद्याबद्दल तशाच गोष्टी बोलल्या जात, आणि शहाणी माणसे त्यांना भुताखेतांच्या गप्पा म्हणत. 1968 च्या भूकंपाने बोगद्याच्या भिंतीला इजा झाली. 1970 साली दुरुस्ती करताना विटांच्या मागे माणसाचा उभा सांगाडा सापडला.

हे सारे वाचून झाल्यावर मी पुन्हा राश्कोच्या गाण्याकडे येतो, तेव्हा एक जागा मला अजून मोकळी दिसते. आंद्रिचने मजूर पाहिले, युर्सनारने आई पाहिली, कादारेने पेढीवाले पाहिले. शपथ मोडणाऱ्या दोघा भावांकडे आणि त्यांच्या बायकांकडे या तिघांपैकी कोणाचेही मन गेले नाही. थोरल्या जावेने डोके दुखते म्हणून सांगितले तेव्हा तिला सगळे माहीत होते. ती काही दुष्ट नव्हती. तिलाही मुले असतील, आणि न जाणे हाच तिला जगण्याचा एक मार्ग होता. तिच्या नवऱ्याने तिला वाचवले, ते प्रेमापोटी की लबाडीने, हेही तिला विचारता आले नसेल. आमच्या मराठी कथालेखकांपैकी कोणी ही कथा लिहायला घेतली तर त्याने तिच्यापासून सुरुवात करावी. धाकटी न्याहरी घेऊन नदीकडे गेली आहे. मूल पाळण्यात आहे. आणि कबूल केल्याप्रमाणे थोरली जाऊ धाकटीचे पांढरे लुगडे पाण्यात बुडवते आहे.